राजपुत्र हेन्री : पोर्तुगीज सागरी मोहिमांचा आश्रयदाता

राजपुत्र हेन्री (४ मार्च १३९४ – १३ नोव्हेंबर १४६०) हा पोर्तुगालच्या आविस राजघराण्यातील राजपुत्र, विझेउचा ड्यूक आणि ‘ख्रिस्त-संघ’ या लष्करी धर्मसंघाचा प्रशासक होता. पोर्तुगीज भाषेत त्याला ‘इन्फांत दों एन्रिक’ म्हणतात. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याने दक्षिणेकडे गेलेल्या पहिल्या पोर्तुगीज मोहिमांना पैसा, परवाने आणि संरक्षण देणारा आश्रयदाता म्हणून इतिहासात त्याचे नाव आहे. इंग्रजी ग्रंथांतून ‘हेन्री द नॅव्हिगेटर’ म्हणजे ‘दर्यावर्दी हेन्री’ हे बिरुद रूढ झाले. परंतु या राजपुत्राने एकाही शोधमोहिमेचे नेतृत्व केले नाही. त्याचा स्वतःचा सागरी प्रवास पोर्तुगाल आणि मोरोक्कोचा उत्तर किनारा यांच्या दरम्यानच झाला. त्याचे खरे कर्तृत्व सुकाणू धरण्यात नसून मोहिमांची एक व्यवस्था उभारण्यात आहे. मक्तेदारी, परवाना, पंचमांशाचा वाटा, किनाऱ्यावरील वखार आणि पोपची सनद हे या व्यवस्थेचे घटक होते. त्याच्या मृत्यूनंतर ५० वर्षांनी हीच व्यवस्था मांडवीच्या तीरावर येऊन पोहोचली. त्यामुळे गोव्याच्या इतिहासाची पूर्वपीठिका समजून घेताना हेन्रीचे चरित्र टाळता येत नाही.

घराणे आणि बालपण

हेन्रीचा जन्म पोर्तो येथे झाला. त्याचे वडील पहिला जुआंव हे आविस घराण्याचे संस्थापक. १३८५ साली आल्जुबारोताच्या लढाईत कास्तीलच्या सैन्याचा पराभव करून त्यांनी आपले सिंहासन पक्के केले. पुढल्याच वर्षी इंग्लंडशी विंडसरचा तह झाला आणि १३८७ मध्ये जुआंव यांचा विवाह लँकास्टरच्या फिलिपा हिच्याशी पोर्तो येथे पार पडला. फिलिपा ही इंग्लंडमधील बलाढ्य सरदार जॉन ऑफ गाँट याची कन्या. अशा रीतीने हेन्रीच्या अंगात आईकडून इंग्लिश राजरक्त आले.

हयात राहिलेल्या पुत्रांत हेन्री तिसरा. दुआर्त आणि पेद्रो हे त्याचे थोरले भाऊ; इझाबेल ही बहीण; जुआंव आणि फर्नांदो हे धाकटे. थोरल्या दोन भावांमुळे हेन्रीच्या वाट्याला सिंहासन येण्याची शक्यता फार कमी होती. राज्यपद नसलेल्या, पण राजपुत्राचा मान आणि इतमाम सांभाळावा लागणाऱ्या तरुणाला जहागीर, उत्पन्न आणि कीर्ती यांचे मार्ग स्वतःच शोधावे लागत. हेन्रीच्या पुढील आयुष्यातील अनेक निर्णयांचा उगम या परिस्थितीत आहे.

सिउता : पहिला विजय

१४१५ साली जुआंव राजाने जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीपलीकडील सिउता या मोरोक्कोच्या बंदरावर स्वारी केली. आरमार निघण्याच्या तोंडावरच, जुलै महिन्यात, राणी फिलिपाचा प्लेगने मृत्यू झाला. तरीही मोहीम थांबली नाही. २१ ऑगस्ट १४१५ रोजी एका दिवसात सिउता पडले. २१ वर्षांच्या हेन्रीने या लढाईत पुढाकार घेतला. विजयानंतर शहरातील मुख्य मशिदीचे चर्च करण्यात आले आणि तेथेच तिन्ही थोरल्या राजपुत्रांना सरदारकी देण्यात आली. परतल्यावर हेन्री विझेउचा ड्यूक झाला.

सिउता हे सहारा ओलांडून येणाऱ्या व्यापाराचे एक टोक होते. पश्चिम आफ्रिकेतील सोने उंटांच्या काफिल्यांतून उत्तरेकडे येई. पोर्तुगीजांनी शहर घेतले, पण व्यापार त्यांच्या हाती आला नाही. काफिल्यांनी दुसऱ्या बंदरांची वाट धरली. शहर राखण्याचा खर्च मात्र पोर्तुगालच्या तिजोरीवर कायमचा बसला. सोन्याचा उगम जिथे आहे तिथवर वाळवंटाला वळसा घालून समुद्रमार्गे जाता येईल का, हा प्रश्न या अनुभवातून अधिक निकडीचा झाला.

हेन्रीच्या हेतूंविषयी सर्वांत जुने विवेचन राजदरबाराचा बखरकार गोमिश एआनिश द झुरारा याने केले आहे. गिनीच्या शोधाची त्याची बखर १४५३ च्या सुमाराची. त्यात त्याने पाच कारणे दिली आहेत : बोजादोरच्या पलीकडील भूमी जाणून घेणे, व्यापारयोग्य ख्रिस्ती लोकांचा शोध, मूर सत्तेच्या विस्ताराचा अंदाज, त्यांच्याविरुद्ध साह्य करणारा एखादा ख्रिस्ती राजा गवसणे आणि धर्मप्रसार. या पाचांच्या मुळाशी असलेले सहावे कारण म्हणून तो चक्क हेन्रीची जन्मपत्रिका मांडतो. लग्नी मेष रास, तिचा स्वामी मंगळ हा शनीच्या कुंभ राशीत, तोही आशेच्या स्थानी. म्हणून गुप्त गोष्टींचा शोध आणि मोठे पराक्रम या राजपुत्राच्या हातून होणे अटळ होते, असा त्याचा निष्कर्ष आहे. आपल्याकडील बखरींत दिसणारी ही रीत पंधराव्या शतकातील युरोपातही रुळलेली होती, हे यावरून दिसते.

पैसा कोठून आला

शोधमोहिमा खर्चीक असत आणि हेन्री राजा नव्हता. त्याने हा खर्च कसा पेलला, यात त्याच्या कारभाराची किल्ली आहे.

१४२० साली पोपच्या संमतीने तो ख्रिस्त-संघाचा प्रशासक झाला. ‘टेम्पलर’ या प्रसिद्ध लष्करी धर्मसंघाचे विसर्जन झाल्यानंतर पोर्तुगालचा राजा दिनिश याने त्या संघाची देशातील मालमत्ता वाचवून १३१९ मध्ये हा नवा संघ स्थापन करवून घेतला होता. तोमार येथे त्याचे मुख्य ठाणे होते आणि जमिनींचे उत्पन्न मोठे होते. हेन्रीने ते मोहिमांकडे वळवले. त्याला आल्गार्व या दक्षिणेकडील प्रांताचा कारभारही मिळाला. त्याखेरीज राज्यातील साबण तयार करण्याचा मक्ता, ट्यूना मासळीवरील हक्क, बेटांवरील कर असे अनेक लहानमोठे स्रोत त्याने आपल्याकडे ओढले. साबणाचा मक्ता जनतेला जाचक वाटे आणि त्याविरुद्ध तक्रारीही झाल्या. सागरी मोहिमांच्या खर्चाचा काही भाग अशा रीतीने पोर्तुगालमधील सामान्य माणसाच्या कपडे धुण्यातून निघत होता.

हे सारे उत्पन्न असूनही हेन्री आयुष्यभर कर्जात राहिला. सरदार, स्वार आणि आश्रित यांचा मोठा परिवार तो पोसत असे. यांतल्याच अनेकांना त्याने जहाजांवर पाठवले. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरलेले कित्येक कप्तान हे मूळचे खलाशी नव्हते. राजपुत्राच्या घरचे, नाव कमावू पाहणारे तरुण होते.

बेटांवरील वसाहती

सुमारे १४१९ ते १४२० या काळात जुआंव गोन्साल्विस झार्को, त्रिस्तांव वाझ तैशेरा आणि बार्तोलोमेउ पेरेस्त्रेलो हे अटलांटिकमधील पोर्तो सांतो आणि मदेइरा या निर्मनुष्य बेटांवर पोहोचले. ही बेटे पूर्वीच्या नकाशांत होती. नवी गोष्ट होती ती वस्ती. पोर्तो सांतोवर पेरेस्त्रेलोने नेलेली सशीण आणि तिची पिल्ले मोकळी सुटली आणि काही काळातच सशांनी पिकांचा असा फडशा पाडला, की वसाहतवाल्यांना जेरीस यावे लागले. याच पेरेस्त्रेलोची कन्या पुढे क्रिस्तोफर कोलंबसची पत्नी झाली.

मदेइरा मात्र भरभराटीस आले. दाट अरण्य जाळून शेती करण्यात आली. प्रथम गहू, नंतर द्राक्षे आणि सिसिलीहून आणलेला ऊस यांची लागवड झाली. १४५२ मध्ये दियोगो द तैव याच्याशी पाण्यावर चालणाऱ्या उसाच्या घाण्याचा करार झाला. बेटाचे विभाग करून प्रत्येकावर एकेक वंशपरंपरागत कप्तान नेमण्यात आला. कप्तानाने वस्ती वाढवायची, न्यायनिवाडा करायचा, घाणे आणि भट्ट्या यांचे हक्क उपभोगायचे आणि ठरलेला वाटा हेन्रीला द्यायचा, अशी ही पद्धत होती. पुढे ब्राझीलमध्ये पोर्तुगीजांनी हीच पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली. ऊस, वसाहत आणि गुलाम यांचे जे त्रिकूट नंतरच्या शतकांत अटलांटिकच्या दोन्ही काठांवर पसरले, त्याचा एक आरंभ मदेइरात झाला.

अझोरेस बेटांवर १४३० च्या दशकात गोन्सालो व्हेल्यो काब्राल याच्यामार्फत प्रथम मेंढ्या सोडण्यात आल्या आणि १४३९ मध्ये वस्ती करण्याची राजाज्ञा निघाली. कॅनरी बेटे मिळवण्यासाठी हेन्रीने दीर्घकाळ खटपट केली. १४२४ मध्ये त्याने मोठी तुकडीही पाठवली. तेथील मूळ रहिवाशांनी ती परतवून लावली आणि शेवटी ती बेटे कास्तीलकडेच राहिली.

बोजादोरचा अडसर

कॅनरी बेटांच्या दक्षिणेस, आजच्या पश्चिम सहाराच्या किनाऱ्यावर, बोजादोरचे भूशिर आहे. किनाऱ्यापासून बऱ्याच अंतरापर्यंत उथळ पाणी, वाळूचे दांडे, फुटणाऱ्या लाटा आणि धुके असा हा भाग. वारा आणि प्रवाह दोन्ही बहुधा दक्षिणेकडे ओढणारे. जाणे सोपे, परतणे कठीण. पुढे माणूस नाही, पाणी नाही, गवताची काडी नाही आणि गेलेले गलबत पुन्हा माघारी येत नाही, असा खलाशांचा समज होता. त्यात अंधश्रद्धा होती तशी व्यवहारी शंकाही होती : जिथे काहीच नाही, तिथे जीव धोक्यात घालून जायचे कशाला?

झुराराच्या म्हणण्यानुसार हेन्रीने १२ वर्षे माणसे पाठवली. कोणीही भूशिर ओलांडले नाही. १४३३ मध्ये निघालेला जिल एआनिश हा लागोसचा तरुणही कॅनरी बेटांवरून परतला. हेन्रीने त्याला पुन्हा पाठवले. १४३४ मध्ये तो किनाऱ्यापासून दूर, खोल समुद्रातून वळसा घालून पलीकडे गेला. समोर शांत पाणी आणि ओसाड किनारा होता. जमिनीवर सापडलेली रानफुले त्याने खूण म्हणून आणली. पोर्तुगालमध्ये ती ‘सांता मारियाचे गुलाब’ या नावाने ओळखली जात.

भौगोलिकदृष्ट्या हा लहानसा टप्पा होता, परंतु त्याने मनातील सीमा मोडली. पुढील दोन वर्षांत जिल एआनिश आणि आफोन्सो गोन्साल्विस बाल्दाया यांनी आणखी दक्षिणेचा किनारा पाहिला. परतीच्या प्रवासाचे कोडेही हळूहळू उलगडले. समोरच्या वाऱ्याशी किनाऱ्यालगत झुंजत बसण्यापेक्षा गलबत वायव्येकडे, भर समुद्रात दूरवर न्यायचे आणि तेथे पश्चिमेचा वारा मिळाला की पोर्तुगालकडे वळायचे, अशी ही युक्ती. १४४० च्या सुमारापासून या कामासाठी ‘कॅरॅव्हल’ हे हलके गलबत वापरात आले. त्याची त्रिकोणी शिडे वाऱ्याच्या दिशेला जवळून कापत जाऊ शकत आणि उथळ तळामुळे नद्यांच्या मुखांत शिरणेही शक्य होई.

टँजिअर आणि धाकटा भाऊ

हेन्रीच्या आयुष्यात आफ्रिकेचा किनारा हा एकच ध्यास नव्हता. मोरोक्कोतील धर्मयुद्ध त्याला तितकेच, किंबहुना अधिक प्रिय होते. १४३३ मध्ये दुआर्त गादीवर आला. राजघराण्यातील काहींचा विरोध असतानाही हेन्रीने त्याच्याकडून टँजिअरवरील स्वारीची परवानगी मिळवली आणि १४३७ मध्ये स्वतः सेनापती म्हणून निघाला.

ही मोहीम पूर्ण फसली. अपेक्षेपेक्षा कमी सैन्य जमले होते. शहराला वेढा घालणारी पोर्तुगीज फौज स्वतःच वेढली गेली आणि समुद्राकडे जाण्याचा मार्गही तुटला. सिउता परत करण्याच्या अटीवर फौजेला जहाजांवर चढू देण्यात आले. जामीन म्हणून धाकटा भाऊ फर्नांदो मोरोक्कोच्या हवाली झाला.

शब्द पाळायचा की शहर राखायचे, हा प्रश्न १४३८ मध्ये लैरिया येथील प्रतिनिधिसभेपुढे आला. हेन्री सिउता सोडण्याच्या विरोधात होता. सिउता परत दिले गेले नाही. दुआर्त राजा त्याच वर्षी वारला. फर्नांदोने फेझ येथे कैदेत हाल सोसले आणि १४४३ मध्ये तेथेच प्राण सोडला. पोर्तुगालने पुढे त्याला ‘संत राजपुत्र’ म्हणून गौरवले. त्याला सोडवण्यासाठी ठरलेली किंमत मात्र कोणी मोजली नाही. या निर्णयाचा मोठा वाटा हेन्रीकडे जातो.

दुआर्तचा मुलगा पाचवा आफोन्सो अल्पवयीन असल्याने पेद्रोने राज्यकारभार पाहिला. पेद्रोने हेन्रीच्या मोहिमांना भक्कम पाठबळ दिले. पुढे तरुण राजा आणि पेद्रो यांच्यात वितुष्ट येऊन १४४९ मध्ये आल्फारोबैराची लढाई झाली. त्यात पेद्रो मारला गेला. या संघर्षात हेन्री भावाच्या पाठीशी न राहता राजाच्या बाजूला होता.

लागोसचा बाजार

१४४१ मध्ये आंतांव गोन्साल्विस याला सीलची कातडी आणि तेल आणण्यासाठी पाठवले होते. मालकावर छाप पाडावी म्हणून त्याने किनाऱ्यावरील काही माणसे पकडली. तेवढ्यात नुनो त्रिस्तांव दुसरे गलबत घेऊन आला आणि दोघांनी मिळून आणखी माणसे धरली. त्यांतील एका प्रतिष्ठित कैद्याच्या सुटकेच्या सौद्यात पुढल्या वर्षी १० गुलाम आणि थोडे सोन्याचे चूर्ण मिळाले. वाळवंटी किनाऱ्यावरून काहीच हाती येत नाही, अशी जी टीका हेन्रीवर होत असे ती येथे थांबली. जहाजे पाठवण्यासाठी व्यापाऱ्यांची रीघ लागली.

८ ऑगस्ट १४४४ रोजी लान्सारोत याच्या नेतृत्वाखालील गलबतांतून आणलेले २३५ स्त्री-पुरुष आणि मुले लागोसच्या बंदराबाहेरील मैदानात उभी करण्यात आली. समान वाटे पाडताना बाप मुलापासून, नवरा बायकोपासून, भाऊ भावापासून वेगळा काढण्यात आला. मुले आईकडे धावत होती, आया त्यांना कवटाळून जमिनीवर पडत होत्या. हे वर्णन कोणा टीकाकाराचे नाही. हेन्रीची स्तुती गाण्यासाठी लिहिणाऱ्या झुराराचे आहे. हे दुःख पाहून आपलेही डोळे पाणावले, असे तो कबूल करतो आणि लगेच त्यांच्या आत्म्यांना मिळणाऱ्या मुक्तीचा दाखला देतो. घोड्यावर बसून हेन्री हे वाटप पाहत होता. पंचमांश म्हणून ४६ माणसे त्याच्या वाट्याला आली. ती त्याने आपल्या लोकांत वाटून टाकली.

१४४८ पर्यंत आणलेल्यांची संख्या झुरारा ९२७ देतो. व्हेनिसचा व्यापारी काडामोस्तो १४५५ मध्ये हेन्रीच्या परवान्याने आफ्रिकेला गेला. एकट्या आर्गिन येथून दरवर्षी सुमारे १,००० गुलाम पोर्तुगालला जातात, अशी नोंद त्याने केली आहे. २००९ मध्ये लागोस येथे वाहनतळाच्या खोदकामात गावाबाहेरील जुन्या उकिरड्याच्या जागी आफ्रिकी वंशाच्या १५८ व्यक्तींचे सांगाडे सापडले. काहींना कसलेही विधी न करता फेकून दिल्याप्रमाणे पुरले होते. बखरीतील ओळींना मातीखालून मिळालेला हा पुरावा होय.

आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील लोक हे सारे निमूटपणे सोसत नव्हते. १४४६ मध्ये सेनेगलच्या दक्षिणेस एका नदीच्या मुखात शिरलेल्या नुनो त्रिस्तांवच्या माणसांवर विषारी बाणांचा वर्षाव झाला. तो आणि त्याचे बहुतेक सोबती मेले. उरलेल्या मूठभरांत बहुतेक पोरसवदा होते. त्यांनी दोन महिने जमीन न पाहता गलबत पोर्तुगालपर्यंत आणले. अशा प्रतिकारानंतर हेन्रीचे धोरण पालटले. धाडी घालून माणसे धरण्याऐवजी स्थानिक सत्ताधीशांशी व्यापार सुरू झाला. गुलामांची खरेदी त्यामुळे थांबली नाही. ती उलट नियमित झाली.

परवाना, वखार आणि सनद

२२ ऑक्टोबर १४४३ रोजी निघालेल्या राजाज्ञेने हेन्रीला बोजादोरच्या दक्षिणेकडील समुद्राची मक्तेदारी मिळाली. त्याच्या परवानगीवाचून कोणालाही तिकडे गलबत नेण्यास मनाई झाली आणि राजाकडे जाणारा मालाचा हिस्साही त्याला देण्यात आला. मोहिमांचा बहुतांश धोका आता खासगी व्यापारी पत्करत आणि राजपुत्र परवाना देऊन वाटा घेत असे.

आजच्या मॉरिटेनियाच्या किनाऱ्यावरील आर्गिन बेटावर वखार उभी राहिली आणि तिच्या रक्षणासाठी गढीचे कामही सुरू झाले. कापड, गहू आणि घोडे देऊन सोने आणि गुलाम घेण्याचे हे ठिकाण. किनाऱ्यावर एक तटबंदी ठाणे, त्यात वखार आणि भोवतालच्या समुद्रावर परवान्याचा अंमल, हा साचा तेथे घडला. आफ्रिकेच्या सोन्याचा प्रभाव असा, की १४५७ मध्ये पोर्तुगालने ‘क्रुझादो’ हे सोन्याचे नाणे पाडण्यास सुरुवात केली.

या व्यवस्थेला धर्मसत्तेची मान्यता मिळवण्यातही पोर्तुगाल कुशल ठरला. पाचवा निकोलस या पोपने १४५२ मध्ये पाचव्या आफोन्सोला मुसलमान आणि अन्यधर्मीयांना जिंकून कायमच्या दास्यात टाकण्याचा अधिकार दिला. ८ जानेवारी १४५५ च्या आज्ञापत्राने आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील पोर्तुगीज मक्तेदारी पक्की केली. त्यात हेन्रीच्या कार्याचा नामोल्लेखाने गौरव आहे. १४५६ मध्ये पोप तिसरा कॅलिक्स्टस याने जिंकलेल्या आणि पुढे जिंकल्या जाणाऱ्या प्रदेशांवरील धार्मिक अधिकार ख्रिस्त-संघाकडे सोपवला आणि त्याची व्याप्ती थेट ‘इंडीज’पर्यंत ठरवली. त्या काळच्या युरोपात हा शब्द फार ढोबळ अर्थाने वापरला जाई; पूर्व आफ्रिकाही त्यात येई. तथापि भारताचा किनारा पोर्तुगीजांच्या दृष्टीस पडण्याच्या ४२ वर्षे आधीच हा अधिकार कागदावर आला होता.

अखेरची वर्षे आणि मृत्यू

१४५६ मध्ये दियोगो गोमिश गँबिया नदीतून बराच आत गेला. त्याच काळात केप व्हर्द बेटे माहीत झाली. हेन्रीच्या अखेरीस पोर्तुगीज गलबते आजच्या सिएरा लिओनच्या आसपास पोहोचत होती. राजपुत्राचे मन मात्र अजून मोरोक्कोत होते. १४५८ मध्ये, ६४ व्या वर्षी, तो पाचव्या आफोन्सोबरोबर आल्कासर सेगेर जिंकण्यास गेला.

१३ नोव्हेंबर १४६० रोजी साग्रेसजवळील आपल्या वस्तीत त्याचा मृत्यू झाला. तो अविवाहित होता. मद्य वर्ज्य करणारा, कडक उपास करणारा असे त्याचे वर्णन समकालीनांनी केले आहे. त्याचे शव प्रथम लागोसच्या चर्चमध्ये ठेवले आणि पुढल्या वर्षी बाताल्हाच्या मठात आईवडिलांच्या समाधीजवळ नेले. त्या वेळी शव पाहिलेल्या दियोगो गोमिशने अंगावर घोड्याच्या केसांचे खरबरीत वस्त्र असल्याचे नमूद केले आहे. मागे मोठी कर्जे राहिली. दुआर्तचा मुलगा फर्नांदो याला हेन्रीने दत्तक घेतले होते. तोच वारस झाला.

साग्रेसची दंतकथा

हेन्रीने साग्रेसच्या कड्यावर नौकानयनाचे विद्यापीठ काढले, तेथे वेधशाळा होती आणि देशोदेशींचे खगोलज्ञ आणि नकाशाकार जमत, ही कथा अनेक पिढ्यांनी पाठ्यपुस्तकांत वाचली आहे. अशी संस्था असल्याचा समकालीन पुरावा नाही. मायोर्काहून एक नकाशाकार बोलावल्याचा उल्लेख पुढील शतकाच्या आरंभी येतो आणि १४३१ मध्ये हेन्रीने लिस्बनच्या विद्यापीठाला घरे दिली, हे खरे आहे. साग्रेस येथील दगडांचे सुमारे ४३ मीटर व्यासाचे वर्तुळ पर्यटकांना त्याचे म्हणून दाखवतात. त्याचा काळ निश्चित झालेला नाही. मोहिमांची खरी तयारी लागोसच्या बंदरात, तेथील खलाशी, सुतार आणि व्यापारी यांच्या हातून होत असे.

‘दर्यावर्दी’ हे बिरुद प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकातील चरित्रकारांनी रुजवले. १८६८ मध्ये इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झालेल्या रिचर्ड हेन्री मेजर यांच्या चरित्राचा त्यात मोठा भाग आहे. साम्राज्याला एक ज्ञानी, शांत, दूरदर्शी आद्यपुरुष हवा होता. सालाझारच्या राजवटीने हीच प्रतिमा उचलली. १९६० मध्ये, हेन्रीच्या मृत्यूला ५०० वर्षे झाली तेव्हा, लिस्बनमध्ये तेजो नदीकाठी दगडी स्मारक उभे राहिले. हाती कॅरॅव्हल घेतलेला हेन्री त्याच्या अग्रभागी आहे. पुढल्याच वर्षी, १९ डिसेंबर १९६१ रोजी, गोवा मुक्त झाला. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पीटर रसेल यांच्या चरित्राने या प्रतिमेची कागदपत्रांच्या आधारे कसून छाननी केली. त्यातून दिसतो तो मध्ययुगीन वृत्तीचा, धर्मयुद्धाने भारलेला, कीर्ती आणि उत्पन्न दोन्हींच्या मागे असलेला चिवट राजपुत्र.

गोव्याशी असलेले नाते

हेन्रीचा आणि गोव्याचा प्रत्यक्ष संबंध नाही. त्याने उभारलेल्या व्यवस्थेचा आहे. त्याने दत्तक घेतलेल्या फर्नांदोचा मुलगा मानुएल हा प्रथम ख्रिस्त-संघाचा प्रमुख आणि १४९५ मध्ये पोर्तुगालचा राजा झाला. त्याच्याच आज्ञेने निघालेला वास्को द गामा मे १४९८ मध्ये कालिकतला पोहोचला. २५ नोव्हेंबर १५१० रोजी आफोन्सो द आल्बुकर्कने गोवा जिंकला, तोही मानुएलच्याच कारकिर्दीत.

धार्मिक अधिकाराची साखळी तर अधिक स्पष्ट आहे. ख्रिस्त-संघाकडे असलेला परमुलखांवरील अधिकार १५१४ मध्ये मदेइरा बेटावरील फुंशाल येथे स्थापन झालेल्या धर्मप्रांताकडे गेला. १५३४ मध्ये गोव्याचा स्वतंत्र धर्मप्रांत आकारास येईपर्यंत गोव्याची चर्चव्यवस्था अटलांटिकमधील त्या बेटाच्या बिशपच्या अधिकारक्षेत्रात होती. हेन्रीच्या माणसांनी अरण्य जाळून वसवलेले ते बेट अशा रीतीने काही काळ गोव्याचे धार्मिक मुख्यालय ठरले.

आर्गिनच्या वखारीचा साचा पश्चिम किनाऱ्यावरील पोर्तुगीज किल्ल्यांत आणि वखारींत पुन्हा दिसतो. बोजादोरपलीकडे जाण्यासाठी हेन्रीचा परवाना लागे, तसाच सोळाव्या शतकापासून अरबी समुद्रातील गलबतांना पोर्तुगीजांचा ‘कार्ताझ’ लागू लागला. तो नसला तर माल आणि गलबत दोन्ही जप्त होत. १५८३ मध्ये गोव्यात आलेल्या लिन्सखोतेन या डच प्रवाशाने जुन्या गोव्यातील भर रस्त्यावरच्या लिलावाचे वर्णन केले आहे. तेथे घोडे, कापड आणि मसाले यांच्याबरोबर माणसेही विकली जात आणि त्यांत आफ्रिकेतून आणलेले स्त्री-पुरुषही असत.

समुद्राची भीती मोडणाऱ्या चिकाटीचे श्रेय हेन्रीला द्यावे लागते. लागोसच्या मैदानातील वाटपही त्याच्याच नावावर जमा आहे. बाताल्हाच्या समाधीतील राजपुत्राची जन्म-मृत्यूची वर्षे जशी त्याच्या चरित्रात नोंदवली जातात, तशीच २३५ ही संख्याही नोंदवली गेली पाहिजे. त्यांतील एकाचेही नाव बखरीत आलेले नाही.